चिमूटभर मलिदा

...खर्र, खर्र, तसा आवाज, नोआम. आई विळीवर नारळ खवायची ना, तो. नागावच्या घरात पहाटे तो आवाज आला, की आम्ही पोरं अंथरुणातच ओळखायचो — कुणाचा तरी नवस फिटतोय, आज मलिदा. ऐकतोयस ना? फोन बघत ऐकलंस तरी चालेल. तर तोच आवाज परवा मी तुमच्या बेसमेंटमध्ये काढला. तू कामावर, तुझे आईबाबा, सॉल आणि लिली, इथं हॉस्पिटलात. एवढ्या वर्षांनी विळीवर बसलो, गुडघे बोलायला लागले — तुझी कंबर कशी आहे? खोटं बोलू नकोस, खुर्चीतून उठताना बघतो मी. त्यांनी कंबरेच्या हाडातून मज्जा काढली त्या दिवशी तू हसत होतास, म्हणालास, इट्स नथिंग, आजोबा. नथिंग कसं? बहिणीच्या, तालियाच्या हाडांत रक्त बनायचं थांबलं, तर तू तुझ्या हाडांतलं दिलंस.

आणि सकाळपासून एकच धरून बसलायस — माय सेल्स, माय सेल्स, माझ्याच पेशींचा दोष. कुणी सांगितलं तुला? तुझी मज्जा अर्धीच जुळत होती म्हणून काय झालं? पूर्ण जुळणारा आणायचा कुठून? आपण बेने इस्राएल मूठभर लोक, जगाच्या यादीत शोधून कितीसे सापडणार? तालियाला ताप आला म्हणजे तुझं देणं फुकट गेलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या का? त्या म्हणाल्या, कारण शोधतोय. मग? परवाच तर म्हणाल्या होत्या, नोआमच्या पेशी दिसायला लागल्या तिच्या रक्तात — लिली कॉरिडॉरमध्ये खालीच बसली रडत. रुजलं म्हणजे रुजलं. तुझा दोष नाही, बाळा. मला माहीत आहे ना, तुझा नाही.

कसं माहीत? सांगतो की. जरा दम खाऊ दे.

अरे, पूर्ण जुळणारा कुणी नाही म्हणाले, त्या दिवशी मी एलियाहू हनाबीला, आपल्या पैगंबराला, नवस बोललो होतो — पोर उठू दे, मलिदा करीन. तसं पाहिलं तर ती घरी आल्यावर करायचा. पण रुजलं ऐकलं आणि मला धीर धरवेना. पोहे भिजवले, गूळ, नारळ, वेलची, फळं मांडली, सब्जाची काडी मिळाली नाही, तुळशीची घेतली. एकट्यानं प्रार्थना म्हटली. दहा माणसं लागतात खरं तर — कुठून आणू, सगळे कामावर. आणि मलिदा झाला म्हणजे ज्याच्यासाठी केला त्याच्या तोंडात पडायलाच पाहिजे ना? नाही पडला तर नवस कुणाचा फिटला?

असा बघू नकोस. चिमूटभर. औषधाच्या डबीत, कोटाच्या आतल्या खिशात. हात धुतले होते मी, दोनदा धुतले, तो पिवळा झगाही घातला. नर्सबाई म्हणाली होती, ओन्ली कूक्ड. कळतं मला एवढं इंग्लिश. पण पोहे कच्चे असतात का, तूच सांग? भात उकडतात, भाजतात, मग कुटतात — आमच्या आळीत कुटायचे, मी बघितलंय. शिजवलेलेच झाले की. आणि नारळ कवटीच्या आत, तिथं कुठला जंतू शिरणार? ...हो, पाणी नळाचंच होतं. हो. मी मनाला असंच सांगत होतो, लिफ्टमध्ये, वर जाईपर्यंत. खरंच शिजवलेले वाटत असते तर डबी लपवली असती का, असं म्हणतोयस ना? म्हण. मी पण म्हणतोय सकाळपासून.

सॉल वॉशरूमला गेला, तेवढ्यात. तोंडात सगळे फोड तिच्या, तरी चघळलंन पोरीनं. आणि काय म्हणाली माहीत आहे? "गोड." मराठीत. सात वर्षांची झाल्यापासून माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते ती.

तू मज्जा दिलीस, सॉल रक्त देतो, लिलीनं नोकरीवर पाणी सोडलं. आणि मी? मी खिडकीशी बसून बर्फ बघतो, येणारे-जाणारे मला विचारतात, कॉफी आणू का आजोबा. मला पण काहीतरी तिच्या अंगात घालायचं होतं रे. माझ्या हातचं.

डॉक्टरांना सांगायला पाहिजे, कळतंय मला. कशानं ताप आला ते कळलं की नेमकं औषध देता येतं, तूच म्हणालास मघाशी. पण सांगितलं की मला खोलीत सोडणार नाहीत. काचेतूनसुद्धा नाही, लिली नाही सोडणार. म्हणून म्हटलं, आधी तुला सांगावं. संध्याकाळी सॉलला मीच सांगीन, नीट, बसवून. एकच चिमूट होती, म्हणून सांगीन. तोवर तू आपला...

कुठं चाललास? जॅकेट राहिलं तुझं. नोआम, लिफ्ट इकडं आहे, तिकडं तर नर्सबाईंचं टेबल... शिवी दे हवं तर.

नोआम! अरे, काल पण दिला, म्हणावं त्यांना. डबीत उरलेला. एकदाच नाही म्हणावं —