इपोहहून आलेला चार लिप्यांचा कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक आदरणीय अण्णासाहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या कामगार कल्याण केंद्राच्या सुमनताई, युनियनचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती ज्योतीराम ओव्हाळ, त्यांच्या सौभाग्यवती गिरजाबाई, आणि टूलरूमपासून फाउंड्रीपर्यंतच्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

माझ्याआधी सात जण बोलले. सातही जणांनी ज्योतीरामची स्तुती केली. खंडूभाऊंना तर हुंदका आवरेना. चांगलं आहे. हारही चांगला भरघोस आहे. माझ्या व्याह्यांनासुद्धा मी एवढा हार घातला नव्हता. मी टूलरूमचा सुपरिंटेंडंट उद्धवराव, राहणार तळेगाव दाभाडे, अठरा वर्षं याच माणसाच्या शेजारच्या बाकावर काम केलं. त्यामुळे स्तुती करण्याचा पहिला हक्क माझाच होता, आणि मला आठव्या नंबरावर ठेवलंय. असो. संयोजकांचा दोष नाही. माझं नाव यादीत घाला असं ज्योतीरामनेच सांगितलं, असं मला कळलं.

मंडळी, आज मी आधीच कबूल करून टाकतो. या माणसाचा मी अठरा वर्षं हेवा केला. तुम्ही हसताय? हसा. पण हेवा म्हणजे काय गंमत वाटली तुम्हाला? सकाळी सातच्या शिफ्टला त्याची सायकल माझ्याआधी स्टँडला लागलेली दिसली, तरी माझा चहा कडू व्हायचा.

आम्ही दोघं चौसष्ट साली लागलो. मी मॅट्रिक, वक्तृत्वात तीन ढाली मिळवलेला. हा दापोडीचा, सातवी पास. कँटीनमध्ये तेव्हा कोण कुठं बसायचं याचे काही अलिखित नियम होते. ज्यांच्या डोळ्यांसमोर ते होते त्यांना मी काय सांगणार, आणि नव्या मंडळींना ते माहीत नाहीत हे बरंच आहे. हा दारापाशी बसायचा. मी पंख्याखाली बसायचो. आणि तिथून मी बघायचो, की नवा कामगार कुणीही असो, काम अडलं की ताट घेऊन उठतो आणि दारापाशी जातो.

त्र्याहत्तर साली कंपनीने मलेशियात भागीदारीत कारखाना काढला, इपोह शहराजवळ. तिथल्या लोकांना फिटरकाम शिकवायला इथून एक माणूस तीन वर्षांसाठी जाणार होता. तीन वर्षं पुरी करून येईल त्याला सुपरिंटेंडंटची जागा, असंही ठरलं होतं. कोण जाणार, यात मला शंकाच नव्हती. मी पिंपरी कॅम्पातल्या शिंप्याकडे सूट टाकला. पुण्यातून जुनं मलायी भाषेचं पुस्तक आणलं. न्हाणीघरात मोठ्यानं पाठ करायचो. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा बाहेरून विचारलं, “पान वाढलंय, हे आता कुठल्या भाषेत सांगू?”

तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी एक परीक्षा घेतली. चार नवे कामगार उभे केले. एक उस्मानाबादकडचा, एक कोकणातला, एक तमिळ, एक सिंधी. यांना कानस चालवायला शिकवा, म्हणाले. मी पाऊण तास बोललो. अजून आठवतं, फार सुंदर बोललो. ज्योतीराम एक शब्द बोलला नाही. एकेकाच्या मागे उभा राहिला, त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि कानस चालवली. तमिळ कामगाराचा तुकडा आरशासारखा सपाट झाला. तेव्हा याने काय केलं? त्याच्या डोक्यात एक टपली मारली. जुन्या मंडळींना ही टपली माहीत आहे. ज्योतीराम तोंडाने कधी ‘शाबास’ म्हणत नाही. टपली मिळाली की समजायचं, काम फत्ते. मलाही पुष्कळ मिळाल्या आहेत. त्या दिवशी मिळाली नाही.

निवड त्याची झाली. मी साहेबांना विचारलं, “त्याला इंग्रजी येत नाही, मलायी येत नाही. तो तिथं बोलणार काय?” साहेब म्हणाले, “उद्धवराव, तिथं एका छपराखाली चार भाषा आहेत. तुम्ही त्यातली एक उत्तम शिकाल, आणि ती ज्यांची आहे त्यांचेच होऊन बसाल. त्याला एकही येत नाही. त्याला चौघांकडेही बघावं लागेल.” हे वाक्य मी नऊ वर्षं गिळतोय, अजून घशाखाली उतरलेलं नाही.

तिकडून त्याची निळी हवाई पत्रं यायची. मलाच. मी उत्तर देत नव्हतो, तरी यायची. लिहायचा, ‘उद्धवा, हितं देश एक पण माणसं किती तऱ्हेची. मलायी हायेत, चिनी हायेत, रबराच्या मळ्यावरनं आलेले तमिळ हायेत, गेटावर सरदारजी हाय. चिनी म्हणजे तरी एक व्हय? एका चिन्याची बोली दुसऱ्याला कळत न्हाई. मग दोघं मलायीत भांडतात. तू असतास तर तुला लई मजा वाटली असती.’

‘तू असतास तर’! मंडळी, हे वाचून माझं काय झालं असेल?

आणखी एकदा लिहिलं, ‘जेवणाच्या सुट्टीत तीन किटल्या असतात, तिघांच्या येगळ्या. बघून पहिल्या दिवशी मी लांबच उभा ऱ्हायलो. वाटलं, आलो परत आपल्या जागी, दारापाशी. पण हितं किटली येगळी असली तरी खालची-वरची न्हाई. मला तिघांनी बोलावलं. आता सोमवारी एकाकडं, मंगळवारी दुसऱ्याकडं, बुधवारी तिसऱ्याकडं चा पितो. चिनी फिटरनं इचारलं, तू कोण? म्हटलं, बौद्ध. तर म्हातारा इतका खूश झाला, रविवारी त्यांच्या विहारात घेऊन गेला. तिथं मला म्होरं बसवलं.’

मी पंख्याखाली बसून ते पत्र वाचलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याला दारापाशी बसावं लागलं याचं दुःख झालं, असं सांगितलं तर सभ्य दिसेल. पण खरं सांगतो, तिकडे त्याला पुढे बसवलं याचं दुःख झालं.

अकराव्या महिन्यात घात झाला. रमली नावाच्या मलायी फिटरने पहिल्यांदा अवघड जोडकाम एकट्याने बिनचूक केलं. ज्योतीरामला आनंद झाला. आनंद झाल्यावर हा काय करणार? मारली टपली, सगळ्यांदेखत. त्या लोकांत डोक्याला हात लावणं हा फार मोठा अपमान. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पिंपरीचा हात तो, आपोआप उठला असता. रमलीने कानस खाली ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी एकही मलायी कामगार बाकावर आला नाही.

तिथल्या कंपनीने आपल्या ऑफिसला पत्र पाठवलं. प्रश्न एकच होता. या माणसाला कामगारांवर हात टाकण्याची सवय आहे काय? मोठ्या साहेबांनी ते माझ्यापुढे ठेवलं. “तुम्ही याच्या शेजारी दहा वर्षं आहात. जे खरं असेल ते लिहा.”

मी खरं लिहिलं, अण्णासाहेब. एक अक्षर खोटं नाही. लिहिलं, ‘होय. हा कामगारांच्या डोक्यात मारतो. अनेकदा मारताना पाहिले आहे. मलाही मारले आहे.’ ‘शाबासकी म्हणून’ हे दोन शब्द लिहिले नाहीत. विसरलो नव्हतो. पेन त्या जागेवर थांबलं होतं. मी टोपण लावलं.

पंधरा दिवसांत त्याला परत बोलावलं गेलं. तीन वर्षांच्या जागी वर्षसुद्धा धड झालं नाही. शहात्तर साली सुपरिंटेंडंटची जागा मला मिळाली. ज्या खुर्चीचा मघापासून एवढा गौरव चाललाय, की उद्धवरावांनी टूलरूमला शिस्त लावली वगैरे, ती ही खुर्ची.

गिरजाबाई, तुम्ही मान खाली घालू नका. घालायची तर मी घालायची. थोडं राहिलंय, तेवढं ऐकून घ्या.

गेल्या रविवारी मी संत तुकाराम नगरात यांच्या घरी गेलो. म्हटलं, “ज्योतीराम, शुक्रवारी तुझ्यावर बोलायचंय. काय बोलू?” हा कुंडीला पाणी घालत होता. मागे न बघता म्हणाला, “त्या कागदाचं सोडून काय बी बोल.”

मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“साहेबांनी जाताना दाखवला हुता.”

“आणि तू आठ वर्षं काही बोलला नाहीस?”

“काय बोलू? तू काय खोटं लिवलं न्हाईस. आन तुझं लिवणं निमित्त रं, भावा. मी रमलीफुडं वाकलो, माझं डोस्कं त्याच्या म्होरं केलं, म्हटलं, हाण. त्यो हसला बी. मला वाटलं, मिटलं. पण मनातनं मिटलं नसंल. त्या लोकांनीच मला नको म्हटलं. तीन किटल्यांचा चा पिऊन मला एक बी माणूस जोडता आला न्हाई. त्येवढंच सलतंय.”

गिरजाबाईंनी चहा आणला. मी तो प्यालो आणि घरी आलो. पण त्याला फक्त कंपनीला दिलेलं माझं उत्तर माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

पुढचं हे, की तो परत आल्यावर तीन आठवड्यांनी इपोहहून एक लखोटा आला होता. मोठे साहेब बदलून गेले होते, नवे यायचे होते. टपाल माझ्याकडे होतं. लखोट्यात एकच कागद. वर इंग्रजीत तीन ओळी, खाली सह्या. इंग्रजी अक्षरांतल्या, मलायी लोकांच्या अरबी वळणाच्या, चिनी, तमिळ; तमिळ सह्यांखाली त्यांच्या भाषेत दोन ओळीही होत्या. मी तो घडी घालून घरी नेला, आणि न घातलेल्या सुटाच्या खिशात ठेवला. मधे एकदा आपल्या वेलूस्वामी टर्नरकडून, कशाचा आहे ते न सांगता, तमिळ भाग वाचून घेतला. वेलूस्वामी, तुम्ही मागे बसला आहात, तुम्हाला आठवेल. तुम्ही म्हणाला होता, “कुणीतरी नशीबवान माणूस दिसतो.” त्या रात्रीपासून तर मी जास्तच जळलो. मी ज्यांची भाषा पाठ केली होती, त्यांनीसुद्धा सह्या याच्यासाठी केल्या होत्या.

हा तो कागद. त्या तीन इंग्रजी ओळींचा अर्थ मी मराठीत सांगतो. ‘डोक्याची गोष्ट आमच्यात मिटली आहे. आम्ही वेगवेगळ्या बाकांवरचे लोक कशावरही एक होत नाही, यावर झालो आहोत. आमचा माणूस आम्हाला परत पाठवा.’ खाली पहिली सही रमलीची आहे.

ज्योतीराम, त्या लोकांनी तुला नको म्हटलं नव्हतं. त्यांनी तुला मागितलं होतं. नको मी म्हटलं होतं.

हा कागद मी आता टेबलावर ठेवतो. हातात देत नाही. तुझ्याकडे बघत हातात द्यायचं धाडस माझ्याजवळ नाही.

संयोजकांनी मला वेळ दिला, आठव्या नंबरावर का होईना, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. अध्यक्षांनी मधे घंटी वाजवली नाही, त्यांचाही ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं पुष्कळ बोललो, त्याबद्दल या सभागृहाने मला क्षमा करावी. ज्योतीरामकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली तर तो इथल्या इथे देऊन टाकील, तुम्ही टाळ्या वाजवाल, आणि तो मोठेपणाही त्याच्याच पदरात पडेल. तेवढं मला आज सोसणार नाही. त्याने निदान महिनाभर माझ्यावर रागवावं, माझ्या दारात येऊन चार शिव्या द्याव्यात, एवढीच त्याला हात जोडून विनंती आहे.

नमस्कार.