वायर ओढण्याआधी

सून : म्हणजे त्या पत्राला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत?

सासरे : द्यायचंच होतं गं. खूण म्हणून शब्दकोशात ठेवलं, आणि कोश मिटला तो मिटलाच.

सून : कमाल आहे बाबा तुमची! काय विचारलं होतं ग्रंथपालबाईंनी?

सासरे : त्यांच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं शोधायचा प्रोग्राम लिहून दिला होता ना, ‘ग्रंथ’ नावाचा? त्या लिहितात, सुरू छान होतो, पण बंद कसा करायचा? रोज संध्याकाळी मी कॉम्प्युटरची वायरच ओढते.

सून : अगं बाई! अजून ओढत असतील?

सासरे : तीच तर धास्ती आहे. पुढच्या आठवड्यात त्या निवृत्त होतायत. निरोपसमारंभाचं बोलावणं आलंय, खाली शाईनं लिहिलंय, ‘तुम्ही जरूर या.’ कुठल्या तोंडानं जाऊ?

सून : मग आता तरी कळवा.

सासरे : मलाच आठवत नाहीये! माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते ह्याच जुन्या मशीनवर कुठंतरी आहे. सकाळपासून एकेक फोल्डर उघडतोय. ‘विच ग्रंथ’ अशी आज्ञासुद्धा टाकून पाहिली.

सून : ‘विच’ नुसता प्रोग्राम कुठंय ते सांगतं. ‘व्हेअरइज’ लिहा, जागा सोडा, पुढे ‘ग्रंथ’. ते पत्रकही शोधतं.

सासरे : एवढंच? अगं, दोन पत्ते आले!

सून : पहिला प्रोग्रामचा, दुसरा पत्रकाचा. आता ‘मॅन ग्रंथ’ लिहा, म्हणजे पत्रक उघडेल. हां, सरका जरा. ‘नाव : ग्रंथ. पुस्तके शोधतो, बहुधा.’ बहुधा?

सासरे : उगाच खात्री कशाला द्यायची?

सून : पुढे ‘दोष’. बाबा, हे दोष संपतच नाहीयेत! ‘लेखकास याहून बरे सुचायला हवे होते.’

सासरे : ते अजूनही खरंच आहे.

सून : सापडलं! ‘बंद करण्यासाठी क्यू दाबा.’

सासरे : क्यू! हो की! पण हे पत्रक त्यांच्याही मशीनवर आहे. त्यांनी वाचलं कसं नाही?

सून : थांबा, सगळ्यात खाली काहीतरी आहे. ‘हे पत्रक उघडण्यासाठी मॅन ग्रंथ असे लिहावे.’

सासरे : बघ! सांगितलं होतं मी.

सून : पत्रकाच्या आत!

सासरे : हं.

सून : कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावलंत.

सासरे : सविस्तर लिहावं लागेल. आधी क्षमा, मग पार्श्वभूमी, मग...

सून : मग परत शब्दकोश! काही नको. हे घ्या कार्ड. मी सांगते तसं लिहा. ‘क्यू दाबा. बाकीचं मॅन ग्रंथ लिहिलं की दिसेल. उशिराबद्दल माफ करा. मी समारंभाला येतोय.’

सासरे : ‘...समारंभाला बहुधा येतोय.’

सून : बाबा! ‘बहुधा’ खोडा.

(कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी.)

सून : टाकलंत?

सासरे : टाकलं.

सून : मग फटीत काय बघताय? ‘बहुधा’ खोडलंत ना?

सासरे : खोडलं गं. पण रेघेखालून वाचता येतंय. पत्र माझंच आहे, एवढं तरी त्यांना कळेल.