गादीवरचा लॅपटॉप

तुमीच सांगा मंडळी, इस्वास ठेवावा तरी कुणावर? मशिनीवर, बायकोवर, का समोरच्या दुकानदारावर? मी तिघांवर बी ठेवला, अन् तिघांनी मिळून माझं… थांबा, नीट सांगतो.

ताडकळसला माझं बी-बियाण्याचं दुकान, समोर सूर्यभानचं. मधी निस्ता रस्ता. दोघंबी एकाच बसनं परभणीला गेलो, एकाच दुकानातून एकसारखेच लॅपटॉप आणले, रंग बी एकच! अन् आता? माझा चालू केला की असा घोंगावतोय, जसं आत कुणी मळणीयंत्र लावलंय! अन् सूर्यभानचा? चूप!

आता मला शिकवायला कुणी न्हाई बरं, बिल काढणं, परिंटर, समदं बघून बघून शिकलो. पण मशिनीच्या पोटातल्या ह्या पंख्याला काय करावं? समोर टेबल फॅन लावला, तर बिलं उडून गेली रस्त्यापलीकडं… कुणाच्या दारात? सूर्यभानच्या! अन् लॅपटॉप गरम तर इतका, की बियाणं न्यायला आलेल्या मुंजाजीमामानं चहाचा कप सरळ त्याच्यावरच ठेवला. "ऱ्हाऊ द्या सेठ, गरम ऱ्हाईल."

ह्याच मामानं इचारलं, "सेठ, औंदा कोणतं बी घ्यावं?" मी सांगितलं. मशीन वरडली. "काय?" मी वरडलो. मशीन माझ्याहून जोरात वरडली. "काय?" अन् गेले की उठून समोर! तिकडं म्हणं बोललेलं ऐकू येतंय! पेरणी तोंडावर, अन् बापाच्या काळापासूनचं गिऱ्हाईक एका पंख्यापायी रस्ता वलांडायलंय… जीव जळंल का न्हाई माणसाचा?

बरं, मी काय हयगय केली? आमच्यात पद्धतच हाय, धंद्याची वस्तू गादीवर बसवायची. आधी तराजू बसला, मग कॅल्क्युलेटर, आता हा. आमच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, त्याच्यासाठी लाल मखमलीची उशी शिवली. रोज सकाळी हळद, कुंकू, वरून उदाचा धूर. "अहो, लक्ष्मी हाय, उघड्या फळीवर कशी ठेवायची?" अन् सूर्यभान? उघड्या फळीवर ठेवतोय! ना पूजा, ना उशी, ना वस्तूची काही इज्जत… अन् तरी त्याचा? चूप!

मला वाटलं, परभणीच्या दुकानदारानं त्याला चांगला दिला अन् मला गंडवलं. एकदा तर पेढ्याचं निमित्त करून गेलो, निस्ता त्याच्या मशिनीला कान लावायला. कान लावला, तर माझाच श्वास ऐकू आला!

अन् परवा, भर बाजाराच्या दिवशी, दुकानात माणूस मावंना, अन् माझी मशीन घों घों करीत एकदम काळी. बंद! अन् रस्ता वलांडून कोण आलं? "बन्सीधरसेठ, बघू का जरासं?" न्हाई म्हणावं, तर गिऱ्हाईक बघायलंय. म्हणलं, बघ बाबा.

त्यानं मशीन उशीवरून उचलली, उलटी केली. "अहो सेठ, ही खालून श्वास घेती. तुमी तिच्या नाकालाच उशी दाबली की!" असं म्हणून त्या फटीत मारली एक फुंकर… अन् भक्कन कुंकू! तोंडावर, मिशीवर, पांढऱ्या शर्टावर! जत्रंतून आल्यावाणी उभा. खोटं कशाला बोलू, मला घडीभर लय गार वाटलं. पण गिऱ्हाइकांनी काय म्हणावं? "घ्या! पूजा सेठनं केली, अन् लक्ष्मी सूर्यभानला पावली!"

मग सूर्यभान म्हणला, "खालून हवा खेळती पायजे. एखादी जाळी हाय का?" कस्तुराबाईनं लगबगीनं पापड भाजायची जाळी आणली. उशी गेली, जाळी आली. मशीन चालू केली, अन्… चूप! सूर्यभानच्यावाणी चूप!

आता खूश व्हायला पायजे का न्हाई मी? पण त्या घोंगाटाचा फायदा मला आता कळायलाय. दुकान इतकं शांत झालंय, की रस्त्यापलीकडचं समदं ऐकू येतंय. मुंजाजीमामा तिकडं येईल त्याला सांगायलेत, "अन् मग कुंकू उडालं की वो!" अन् मग हसणं… अन् हसता हसता खरेदी बी तिथंच!

जाऊ द्या. नशीब एकेकाचं. निस्ती एक इनंती हाय, गावात ही गोष्ट सांगाल तव्हा हिशेब इमानदारीनं ठेवा. फुंकर त्याच्या नावावर मांडा, अक्कल बी त्याचीच मांडा… पण जाळी आमची होती!