जेलमध्ये अडकलेय

...नाही, मला सांगा, जेलला जेल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? चायना ग्रासची वडी असते तशी ती पारदर्शक वडी, तिच्यातून वीज सोडायची, आणि डीएनएचे तुकडे त्यातून पळवायचे, बारके पुढं, मोठे मागं. त्याला जगभर जेल म्हणतात! मी सांगलीत तेच शिकते, एमेस्सीला. आणि त्या दिवशी माझ्यासमोर साधंसुधं जेल नव्हतं हो! दीपमालावहिनी पाच महिन्यांच्या, त्यांचा आणि नवऱ्याचा, दोघांचाही एकेक जीन थॅलेसेमियाचा, म्हणजे बाळाला दोन्ही बिघडलेले आले तर आयुष्यभर दुसऱ्याच्या रक्तावर! पोटात सुई घालून काढलेला नमुना, त्याचा हा शेवटचा थेंब. हे जेल वाया गेलं तर त्या बाईच्या पोटात परत सुई. मॅडम सांगून गेलेल्या, "उत्कर्षा, हलू नकोस." आणि तेवढ्यात इस्लामपूरजवळच्या आमच्या गावाहून फोन. मनुबाई आजी.

"कुठं हाईस गं?"

"आजी, जेलमध्ये अडकलेय."

"आं? काय केलंस?"

आता शिकलेल्या माणसानं सोप्या भाषेत सांगावं की नाही? मी सांगितलं! "अगं, एक वहिनी आहेत, त्यांचे, नवऱ्याचे, बाळाचे सकाळी तुकडे केले. आता इथं बसूनच राहायचं. नजर हलली की पळून जातात!"

फोन बंद. मला वाटलं, रेंज गेली. माझं काय चुकलं?

दीड तासानं दार धाडकन उघडलं. नाथाजीकाका! सुभेदार म्हणून रिटायर, खांद्यावर फौजेतलं ब्लँकेट, हातात भाकरीचं फडकं, मागं भाऊसो वकील. हे आधी खऱ्या तुरुंगाच्या गेटवर जाऊन माझं नाव विचारून आलेले!

"पोरी, कबूल काय केलं न्हाईस न्हवं?"

"काका, हे ते जेल नाही..."

"गप!" वकील. "एक शब्द बोलू नकोस. सही कुठं केलीस काय?"

"रजिस्टरवर."

"मेलो!"

म्हणजे खरं बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत! माझं काय चुकलं? आणि काकांनी धरलं मनगट. फौजी पकड हो! "चल. गाडी चालूच ठेवलीय. म्हणत हुतो मी, साताऱ्याला एमआयडीसीत लाग, ही डोक्याची कामं आपली न्हवंत." ओढत मला पार बाहेर, व्हरांड्यात. आत टायमरवर चार मिनिटं. चार! त्यानंतर तुकडे वडीच्या टोकातून सरळ पाण्यात.

"काका, सोडा! पळून जातील!"

"पळू दे की! आपण बी पळू!"

तेवढ्यात निकालासाठी बाकावर बसून राहिलेल्या दीपमालावहिनी पोट धरून उठल्या. "आवं काका, सोडा त्यांना. माझं बाळ हाय आत."

काकांचा चेहरा पांढरा. "पोटातल्या बाळाला बी घातलं आत?"

...आणि त्या धक्क्यानं पकड सुटली! मी धावले, वीज बंद केली, निळ्या दिव्याखाली वडी धरली. रेघा जागेवर! बाळाची रांग हुबेहूब आईसारखी, एक जीन बिघडलेला, एक धड. म्हणजे आजार नाही! मॅडम आल्या, दोनदा बघितलं, मान डोलावली. वहिनी काकांच्या ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून रडल्या, काका त्यांना भाकरी देत म्हणाले, "खा गं, आता सुटलं लेकरू."

वाटलं, कळलं एकदाचं! कसलं काय. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या फाट्यावर हा भला मोठा फ्लेक्स. 'कु. उत्कर्षा हिची निर्दोष मुक्तता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक बावीस. मी तणतणत गेले, "काका, आत्ताच्या आत्ता उतरवा!"

तर म्हणतात, "राहू दे गं. बीएस्सीला पयली आलीस तवा एक तरी लावला हुता का कुणी?"

...नव्हता लावला. राहू दिला.