पडद्याअलीकडं अक्षता

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, न्हाय, दाखवाच! माजी नात दिपाली, टेंभुर्णीच्या कबड्डीच्या पोरींत, आज फायनल, जिकली तर पुण्याला खेळाय जाणार, म्हणून म्या सकाळच्या यष्टीनं सोलापूर गाठलं, तर एवढ्या मोठ्या हालमधी मधोमध पडदा... अलीकडं कबड्डी, पलीकडं लगीन! म्यानेजरला म्हणलं, "ह्ये काय रं बाबा?" त्यो नाकातनं बोलतोय, "आजी, हाल बहुउद्देशीय हाय." आसंल की!

दार दोनीकडला एकच. दारात नवरीचा मामा ताट घिऊन उभा, लुगडं दिसलं की मूठभर अक्षता. आमच्यात अक्षता ज्वारीच्या, लाल रंगवलेल्या, गोल गोल. म्हणलं, "आवं, मी कबड्डीची!" "आसू द्या की मावशी, घ्या!" माज्यासंगं यष्टीनं आलेल्या गावच्या चाळीस बायकांनीबी घेतल्या. म्या दोनदा फिरून आले. तीन मुठी!

शेवटाला दोनीकडचं गुण सारकंच. माळशिरसची धिप्पाड पोरगी चढाईला आली, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, आमची दिपाली एकटी उभी... आन् पडद्यापलीकडनं भटजी, "शुभमंगल सावधाऽऽन!" आता तुमीच सांगा, सावधान म्हणल्यावर हात थांबतोय व्हय? जल्माची सवय! म्या टाकल्या, माज्या मागनं चाळीस बायकांनी टाकल्या, त्या पोरीचा पाय ज्वारीवर गेला... धप्प! दिपालीनं धरली! जिकलो! वाजंत्रीबी वाजली की, पलीकडं.

पंच चिमटीत दाणा धरून इचारतोय, "पहिल्यांदा कुणी टाकलं?" चाळीस बायका आढ्याकडं बघाय लागल्या. आन् आमची दिपाली! "सर, माज्या आजीनं. सावधान म्हणायच्या आधीच."

आधीच म्हणं! खेळताना माज्याकडं कशाला बघायचं गं?

गुण रद्द. मॅट झाडली, चढाई परत. माळशिरसची पोरगी शिवून गेलीबी. हारलो. पुणं ऱ्हायलं. दिपाली माज्याकडं बघंना, नुसती पाण्याची बाटली पुढं सरकवली. म्या प्याले गुमान.

तवर म्यानेजरनं झाडू आणून दिला. "आजी, चार वाजता हितं सूतगिरणीवाल्यांची परिषद हाय, खुर्च्याखालची ज्वारी तुमीच काढा." म्हणलं, मीच का रं? त्यानं तोंड उघडलं, "आजी..." कळलं, कळलं! हालबी बहुउद्देशीय, म्हातारीबी बहुउद्देशीय!

पाव्हणं, खुर्चीत बसून लई ऐकलंसा, उचला पाय, तुमच्या टाचंखाली तीन दाणे हायत. उचला की! आन् जावा आता.