चारही प्रतींतलं जादा पान

...नाही नाही ताई, उठू नका, बसा त्या स्टुलावर — तो नको, त्याचा पाय निखळलाय, हा घ्या — तुमचा प्रबंध झालाय, म्हणजे झालाच आहे, आमची ही आत शेवटचा हात फिरवतेय. पाचच्या आत विद्यापीठात द्यायचाय, माहीत आहे, तीनदा सांगितलंत तुम्ही. दोन दिवस उशीर का झाला म्हणता? खरं सांगू? तुमच्यामुळेच झाला. रागावू नका, ऐका तर खरं!

बत्तीस वर्षं बाइंडिंग करतोय मी, शेकड्यांनी प्रबंध बांधले, पण वाचला म्हणाल तर एकही नाही — खडकांचे थर, मुळांवरची कीड, कोण वाचणार? — पण तुमच्या कव्हरवर सोनेरी अक्षरं ठोकताना मथळा दिसला, 'कुटुंबातील भूमिका आणि लिंगभाव', म्हटलं हे आपल्याला कळण्यासारखं आहे. वाचायला बसलो. आणि तिसऱ्या प्रकरणात काय सापडावं? कोणी एक मोठे विद्वान म्हणतात की घर नीट चालायचं तर पुरुषानं बाहेरचं बघायचं — कमाई, निर्णय, जगाशी दोन हात — आणि बाईनं आतलं, म्हणजे माया, समजूत, रडणाऱ्याचे डोळे पुसणं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ही तिथे दोरा ओवत बसली होती, तिला खड्या आवाजात वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, छापून आलंय. तिनं सुई खाली ठेवली. म्हणाली, "हो का? मग आजपासून तसंच करू या." मी म्हटलं, करू या. मला वाटलं, जिंकलो. वाटणारच ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ही खिडकीत बसून बाहेर बघतेय. म्हटलं, शिवण? म्हणे, "शिवण म्हणजे कमाई, कमाई म्हणजे तुमचं खातं." आता काय आहे ताई, की ह्या दुकानात पुठ्ठा मी कापतो, अक्षरं मी ठोकतो, पण शिवण — शिवण तिचीच, पहिल्या दिवसापासून. मी शिवायला बसलो. चारदा बोटात दाभण घुसवून घेतलं — हे बघा, अजून पट्टी आहे — आणि शेवटी गठ्ठा शिवून उचलला तर... आता सगळं सरळ केलंय हां तिनं, तुम्ही घाबरू नका... पण तेव्हा पाचवं प्रकरण तिसऱ्याच्या आधी आलं होतं आणि संदर्भसूची खाली डोकं वर पाय. एका प्रतीत. बरं, दोन प्रतींत.

आणि तेवढ्यात वरून पाणी ठिबकायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचा नळ गळतो आणि थेंब बरोबर आमच्या कोऱ्या कागदावर पडतात. एरवी हीच जाते, दोन वाक्यांत प्रश्न मिटतो. पण आता बाहेरचं माझ्याकडे! छाती काढून गेलो मी, तावातावानं दार वाजवलं. ते बिचारे एकटे, बायको जाऊन वर्ष झालेलं — नळ बायकोच दुरुस्त करायची म्हणे — ते बोलत गेले, मी ऐकत गेलो, दोघांनी दोनदोन कप चहा घेतला, आणि खाली आलो तेव्हा माझ्या हातात त्यांची रिकामी बादली होती, गळणाऱ्या पाण्याखाली ठेवायला. ही नुसती बादलीकडे बघून हसली.

पण खरी फजिती संध्याकाळी झाली. लेकीचा फोन, हिनं उचलला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, लग्न ठरलं होतं तिचं. म्हणाली, मोडलं. मी धावलो फोनकडे तर हिनं हात आडवा धरला — "समजूत माझं खातं." आणि काय समजूत घातली! "बरं झालं. जेवलीस का?" — आणि फोनवर हात ठेवून मला विचारते, "आणखी काय म्हणायचं असतं हो?" तिला येतच नाही ताई! ती लेकीसाठी रात्रभर प्रवास करून जाईल, त्या पोराच्या घरी जाऊन साखरपुड्याची अंगठी परत आणेल, पण गोड बोलणं म्हणाल तर नाव नको. लेक तिकडून म्हणतेय, "बाबांना दे." ही म्हणते, "बाबा आता फक्त निर्णय घेतात." घेतला मी फोन. आवाज जाड करून म्हटलं, "ठीक आहे. विषय संपला." लेक घाबरून म्हणाली, "बाबा, बरं नाही का तुम्हाला?"

झालं! माझा बांध फुटला. अर्धा तास रडलो आम्ही दोघं, शेवटी लेकच मला म्हणाली, आता पुरे. हो, रडतो मी. आमच्या घरात सगळ्यांसाठी मीच रडतो. त्यात लाजायचं काय आहे? कोणाला सांगू नका म्हणजे झालं.

फोन ठेवला तर ही शिवण उसवायला बसली होती. म्हणाली, "तिसऱ्याच प्रकरणाला का थांबलात? पुढे पाचव्यात लिहिलंय ना, की ते विद्वान चुकले, आणि कोणी काय करायचं हे घरोघरी आपापलं ठरतं?" म्हणजे हिनं अख्खा वाचला होता! मग शेवटचं पान काढून दाखवलं. तुम्ही लिहिलंय की साठ घरं तपासली, पण घरातल्यांची समजूत घालणारा पुरुष एकाही घरात आढळला नाही. तिला ते फार लागलं हो. म्हणाली, "आढळला नाही म्हणजे? नीट शोधलं नसेल." आणि...

आणि म्हणजे तेच सांगतोय. तिनं एक पान लिहिलं. आमच्याबद्दल. एकसष्टावं घर म्हणून. आणि शिवलं आत. चारही प्रतींत — कार्बन घालून लिहिलंय, अक्षर छान आहे तिचं. काढून टाका म्हणू नका ताई, तिची शिवण आहे, एक पान काढायला गेलात तर अख्खा गठ्ठा सुटेल!

हे आलं बघा, घ्या. शेवटून दुसरं पान. मला वाचू दिलं नाही तिनं. काय लिहिलंय?... हसताय? म्हणजे चांगलं आहे का? की त्या बादलीचं लिहिलंय? नुसतं एवढंच सांगा, माझ्याबद्दल — नाही गं, मी काही विचारत नाहीये ताईंना! साडेचार झाले ताई. जा तुम्ही. जा.