शेजारच्या बागेतलं घरटं

ईस्टरच्या आदल्या सकाळी गावच्या बेकरीत रांग दारापर्यंत आली होती. गुंडुलाआजींच्या पुढेच शेजारची अनेके आणि तिची सात वर्षांची मेरले उभ्या होत्या. आजींची नजर पावांवर होती, कान मात्र पुढे.

"आई, ईस्टरला मुलांसाठी अंडी आणणारा ससा एकच असतो ना?"

"एकच गं."

"मग गेल्या वर्षी मला नुसती अंडी आणि शेजारच्या योरिनला सायकल कशी?"

"त्यांची बाग मोठी आहे. सायकल मावते."

"म्हणूनच यंदा सशानं भेट ठेवायचं माझं शेवाळाचं घरटं मी त्यांच्या बागेत करून आले."

"काय! घरी गेल्यागेल्या काढून आण."

"का? सशाला सगळी मुलं सारखी, तूच म्हणतेस ना?"

योरिनच्या आजी म्हणजे गुंडुलाआजीच; त्या मागून पुढे झुकल्या.

"राहू दे गं घरटं, मेरले. आज रात्री आमचं फाटक उघडंच ठेवते."

"आणि सायकल?"

"योरिन कुठला बसतोय! शेडमध्ये नवीकोरी पडलीय. सशाला तुझ्या घरट्यापर्यंत न्यायची तर नेऊ दे. पण जड आहे हो, अनेके. येताना नवऱ्याला घेऊन यावं म्हणावं."

"आजी, सशाला नवरा असतो?"